तंबाखूचे व्यसन : सोडणाऱ्याला हवी सोबत

तंबाखूच्या दुष्परिणामांविषयी बोलावयाचे म्हटले की सिगारेटचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. भित्तिपत्रकांवर, बोधपटांत आणि व्याख्यानांतही बहुधा तेच असते. महाराष्ट्रापुरते पाहिले तर हे चित्र अपुरे आहे. २०१६-१७ साली झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींपैकी २६.६ टक्के व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळून आले. त्यांत विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण अवघे ३.८ टक्के होते. न ओढता तोंडात धरण्याची अथवा दातांना लावण्याची तंबाखू वापरणारे मात्र २४.४ टक्के होते. तेव्हा आपल्याकडील प्रश्न मुख्यत्वेकरून धुराचा नव्हे. तो चुन्याबरोबर मळून गालफडात धरलेल्या चिमटीचा, विदर्भातील खर्ऱ्याचा, पानपट्टीवरील माव्याचा, २०१२ पासून राज्यात बंदी असूनही हस्तेपरहस्ते पोहोचणाऱ्या गुटख्याचा आणि तव्यावर भाजून डबीत भरून ठेवलेल्या मशेरीचा आहे. स्त्रियांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. त्यांच्यात धूम्रपान १.४ टक्के, तर धूरविरहित तंबाखूचा वापर १६.६ टक्के, म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक.

याच सर्वेक्षणाच्या २००९-१० मधील पहिल्या फेरीत राज्यातील एकूण प्रमाण ३१.४ टक्के होते. घट झाली आहे, ती समाधानाची आहे. परंतु देशपातळीवरील आणखी दोन आकडे अधिक विचार करावयास लावणारे आहेत. धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के आणि धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांपैकी ४९.६ टक्के लोकांनी ती सोडण्याचा विचार असल्याचे सांगितले. म्हणजे निम्मे लोक मनाने तयार आहेत. आरोग्यसेवकाकडे गेलेल्यांपैकी किती जणांना ‘तंबाखू सोडा’ असा सल्ला मिळाला, हे पाहता धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्क्यांना तो मिळाला होता. तंबाखू चघळणाऱ्यांपैकी केवळ ३१.७ टक्क्यांना. ओढणाऱ्याच्या अंगाला वास येतो, म्हणून त्याला कोणी तरी विचारते. मशेरी लावणाऱ्या बाईला सहसा कोणीच विचारीत नाही.

व्यसनाची दोन मुळे

तंबाखू सुटत नाही ती मनाच्या दुर्बलतेमुळे, असा समज रूढ आहे. शिक्षक विद्यार्थ्यांना आणि अधिकारी आपल्या हाताखालील शिपायाला बोलतात ते याच समजुतीने. वस्तुतः तंबाखूतील निकोटिन हे द्रव्य मेंदूतील विशिष्ट पेशींवर कार्य करते आणि सुखाची, हुशारीची क्षणिक भावना निर्माण करणारी रसायने तेथे स्रवू लागतात. विडीचा झुरका घेतल्यावर ते काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते. मळलेल्या तंबाखूतून ते तोंडाच्या अस्तरामधून रक्तात सावकाश उतरते, पण बराच वेळ उतरत राहते. आणि चुन्याच्या क्षारतेमुळे हे शोषण वाढते. तंबाखूत चुना का मिसळावयाचा, हे आपल्या पूर्वजांना रसायनशास्त्र न शिकताच कळले होते, असे म्हणावे लागेल.

रक्तातील निकोटिनचे प्रमाण साधारणपणे दोन तासांत निम्म्यावर येते. ते उतरले की मेंदू पुन्हा मागणी करतो. यालाच आपण तलफ म्हणतो. वर्षानुवर्षे ही मागणी पुरविली गेल्यावर शरीराला निकोटिनशिवाय स्वस्थता लाभत नाही. येथे एक भेद ध्यानात घेणे इष्ट होईल. माणसाला बांधून ठेवण्याचे काम निकोटिन करते. कर्करोगादी व्याधी मात्र प्रामुख्याने तंबाखूतील अन्य द्रव्यांमुळे आणि ती जळताना निघणाऱ्या डांबरासारख्या पदार्थांमुळे व विषारी वायूंमुळे होतात. औषधोपचारांचा विचार पुढे करावयाचा आहे, त्या वेळी हा भेद उपयोगी पडेल.

दुसरे मूळ शरीरात नाही, दिनक्रमात आहे. सकाळी उठल्याबरोबर मशेरी, न्याहारीनंतर बार, औत सोडल्यावर बांधावर बसून विडी, कार्यालयात टपालाचा ढीग उपसल्यावर खर्रा, रात्री जेवणानंतर पुन्हा एकदा. हाताला, तोंडाला आणि वेळेला ही सवय जडलेली असते. शिवाय आपल्या समाजात तंबाखू हे ओळखीचे साधन आहे. अनोळखी माणसाजवळ चुन्याची डबी मागावी आणि त्यातून बोलणे सुरू व्हावे, हा ग्रामीण शिष्टाचारच होऊन बसला आहे. ज्याला तंबाखू सोडावयाची आहे, त्याला केवळ एक पदार्थ सोडावयाचा नसतो. चार माणसांत बसण्याचे एक निमित्तही सोडावयाचे असते. उपदेश ऐकून तो मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चंची उघडतो, त्याचे कारण येथे आहे.

लंडनमधील एक प्रयोग

मग त्याला साह्य करावयाचे ते कोणी आणि कसे? या प्रश्नाचे एक चांगले उत्तर १९७९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळते. लंडनमधील २८ सामान्य डॉक्टरांकडे काही ना काही दुखण्यासाठी आलेल्या २,१३८ सिगारेट ओढणाऱ्या व्यक्तींचे चार गट करण्यात आले. एका गटाला धूम्रपानाविषयी काहीच सांगितले नाही. दुसऱ्या गटाला केवळ प्रश्नावली भरावयास दिली. तिसऱ्या गटाला डॉक्टरांनी एक-दोन मिनिटे समजावून सिगारेट सोडण्यास सांगितले. चौथ्या गटाला तेच सांगितले, एक पत्रक हाती दिले आणि ‘तुम्ही सोडली की नाही, याची आम्ही पुढे चौकशी करणार आहोत’ असेही बजावले. पहिल्या महिन्यात सोडून वर्षअखेरही सिगारेटपासून दूर असलेल्यांचे प्रमाण या चार गटांत अनुक्रमे ०.३, १.६, ३.३ आणि ५.१ टक्के भरले.

पाच टक्के म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण या कामी कोणतेही औषध, यंत्र वा विशेष निधी लागला नव्हता. कोणी तरी दोन मिनिटे थांबून विचारले, आणि पुन्हा विचारीन असे सांगितले, इतकेच घडले. गावात आठवड्यातून चार वेळा एकमेकांच्या समोर येणारी माणसे असतात. तेथे ‘पुन्हा विचारीन’ हा शब्द पाळणे लंडनच्या डॉक्टरापेक्षा आशा सेविकेला, ग्रामसेवकाला किंवा गुरुजींना कितीतरी सोपे आहे.

भारतातही याचा पडताळा आलेला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधकांनी पुणे जिल्ह्यातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांच्या मुखाची तपासणी केली होती. तिचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्याच संस्थेतील संशोधकांनी केरळातील एर्नाकुलम, गुजरातमधील भावनगर आणि आंध्रातील श्रीकाकुलम या जिल्ह्यांत सुमारे ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्या ग्रामस्थांना घरोघर जाऊन, व्यक्तिगत बोलून आणि चित्रपट, नभोवाणी व वृत्तपत्रे यांच्या आधारे तंबाखू सोडण्यास प्रवृत्त केले. दरवर्षी पुन्हा भेट, पुन्हा तपासणी, पुन्हा बोलणे, असा क्रम ठेवण्यात आला. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, ज्यांना असे समजावण्यात आले त्यांच्यात तंबाखू सोडणाऱ्यांचे प्रमाण अधिक आढळले आणि कर्करोगाची पूर्वसूचना मानला जाणारा तोंडातील पांढरा चट्टा नव्याने उद्भवण्याचे प्रमाणही घटले. हे प्रयोग शहरातील सुशिक्षितांवर नव्हे, तर शेतकरी, मजूर व मच्छीमार यांच्या वस्त्यांत झालेले आहेत.

पहिले तीन आठवडे

सोडण्याचा निश्चय झाला की एक दिवस ठरवावा. तो येत्या पंधरवड्यातला असावा. सुगीची घाई, गावची यात्रा, घरचे लग्न, निवडणूक आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या बाबतीत मार्चअखेर, हे दिवस टाळलेले बरे. ठरविलेल्या दिवशी संपूर्ण बंद करावे. हळूहळू कमी करीत जाण्याकडे बहुतेकांचा ओढा असतो. परंतु ब्रिटनमध्ये ६९७ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के, तर कमी करीत सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोक चार आठवड्यांनंतर धूम्रपानापासून मुक्त राहिल्याचे दिसून आले. ‘दिवसाला दोनच’ असा नेम करणाऱ्याचे चित्त दिवसभर त्या दोहोंवरच असते, हा अनुभव अनेकांचा असेल.

आदल्या रात्री चंची, चुन्याची डबी, काडेपेटी, खिशातील अर्धी पुडी, सायकलच्या वा मोटारसायकलच्या पेटीत अडीअडचणीसाठी ठेवलेली दुसरी पुडी, हे सर्व घराबाहेर टाकावे. घरात सांगावे. ज्यांच्याबरोबर बसून तंबाखू खाल्ली जाते, त्यांना तर आवर्जून सांगावे, कारण आग्रह त्यांच्याकडूनच होणार असतो. आग्रहाला एकच उत्तर पुरे : ‘मी सोडली आहे.’ ‘सोडण्याचा प्रयत्न करतो आहे’ असे म्हटले की समोरचा हात पुढे करतोच.

पहिल्या दिवशीच काही तासांत अस्वस्थता सुरू होते. दुसरा आणि तिसरा दिवस सर्वांत अवघड. चिडचिड, उदासपणा, झोप न येणे, कामात लक्ष न लागणे, वारंवार भूक लागणे आणि बद्धकोष्ठ ही लक्षणे या काळात दिसतात. ती आजाराची नव्हेत, शरीर पूर्वपदावर येत असल्याची आहेत. तीन-चार आठवड्यांत ती ओसरतात. हे आधी माहीत नसल्यास माणूस घाबरतो आणि ‘तंबाखू सोडल्याने माझी प्रकृती बिघडली’ अशी समजूत करून घेऊन पुन्हा सुरुवात करतो. घरच्या मंडळींनीही या दिवसांतील चिडचिड मनावर घेऊ नये.

प्रत्येक तलफ स्वतंत्रपणे पाहिली तर ती काही मिनिटांचीच असते. लाटेप्रमाणे ती चढते आणि उतरते. तेवढा वेळ जागा बदलावी, पेलाभर पाणी घोट घोट प्यावे, दीर्घ श्वास घ्यावेत, कोणाशी तरी बोलावे. तोंडात काही हवे असल्यास बडीशेप, ओवा, लवंग, वाळवलेला आवळा किंवा भाजलेले हरभरे जवळ ठेवावेत. सुपारी मात्र नको. तंबाखू सोडून सुपारीवर आलो, असे समाधानाने सांगणारी माणसे पुष्कळ भेटतात. परंतु सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने घोषित केलेले आहे, आणि तोंड उघडणे कमी होत जाण्याचा विकार मुख्यतः तिच्यामुळेच जडतो. विजेवर चालणारी सिगारेट हाही पर्याय नव्हे. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने तिच्या विक्रीस व साठ्यास देशात मनाई आहे.

श्रमाचे काम करणाऱ्यांची एक अडचण वेगळी आहे. निकोटिनमुळे भूक मरते. अनेक मजूर स्त्री-पुरुष दुपारची भाकर लांबणीवर टाकण्यासाठीच बार भरतात. अशांना ‘तंबाखू सोडा’ एवढेच सांगणे अपुरे आहे. तलफेच्या नेमक्या त्या वेळेला शेंगदाणे-गूळ, चतकोर भाकर असे काही पोटात जाईल, याची व्यवस्था व्हावयास हवी. रोजगार हमीच्या कामावर पिण्याचे पाणी व विश्रांतीचा निवारा द्यावाच लागतो. त्या निवाऱ्यात बसून काय चघळले जाते, याकडे तेथील मुकादमाने थोडे लक्ष दिले तर चांगलेच.

एखादे वेळी पाऊल घसरते. लग्नघरी कोणी विडा पुढे केला आणि त्यात तंबाखू होती, किंवा मनःस्तापाच्या क्षणी विडी पेटविली गेली. असे झाले म्हणजे सर्व फुकट गेले, असे मानून पुडी विकत आणणे, ही खरी चूक. यशस्वीपणे तंबाखू सोडलेल्यांपैकी बहुतेकांनी त्यापूर्वी एकाहून अधिक वेळा प्रयत्न केलेले असतात. कोणत्या प्रसंगी घसरलो, एवढे लक्षात ठेवून त्याच दिवशी पुन्हा सुरुवात करावी.

मशेरी आणि माता

मशेरी हे दंतमंजन आहे, व्यसन नव्हे, अशी समजूत घरोघरी आढळते. प्रथम दाढदुखीसाठी कोणी तरी लावावयास सांगते. मग सकाळची एक वेळ दोन होते, दोनाच्या चार होतात. गर्भारपणातही ती सुटत नाही. मळमळ कमी होते म्हणून काही ठिकाणी उलट वाढते. मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांचा पाठपुरावा करून केलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे जन्मवेळचे वजन सरासरीने १०५ ग्रॅमनी कमी भरले आणि गर्भारपणाचा काळ सरासरी ६.२ दिवसांनी घटला. या स्त्रियांत मशेरी लावणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते. मुळातच ज्या बालकाचे वजन जेमतेम अडीच किलोच्या आसपास असावयाचे, त्याच्या बाबतीत शंभर ग्रॅम ही क्षुल्लक गोष्ट नाही.

अंगणवाडीत गर्भवतीचे वजन घेतले जाते, लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, लसीची नोंद होते. त्याच वेळी ‘ताई, मशेरी लावता का?’ असे सहज विचारावे. ‘घाणेरडी सवय’ असे शब्द वापरू नयेत. त्याने बाई पुढच्या वेळी खोटे सांगते, इतकेच. बहुधा सासूही लावीत असते, आणि भाजण्याचे काम सुनेकडे असते. म्हणून सासूला बाजूला ठेवून हे बोलणे निष्फळ ठरते. ‘बाळ होईपर्यंत तरी घरात मशेरी भाजू नका’ ही विनंती सासूकडे केल्यास ती पुष्कळदा मान्य होते, कारण नातवाचे वजन हा तिचाही विषय आहे. मशेरीवाचून पोट साफ होत नाही, ही तक्रार खरी असते. तिला सकाळी कोमट पाणी, पालेभाज्या, फळे आणि काही दिवसांचा धीर हा उपाय. दाढदुखीसाठी दंतवैद्याकडे जावे. तंबाखूने ती दुखी झाकली जाते, बरी होत नाही.

औषधांचे साहाय्य

ज्यांना उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागते, त्यांचे शरीर निकोटिनच्या फार अधीन झालेले असते. अशांनी केवळ निग्रहावर विसंबू नये. निकोटिनयुक्त च्युइंग गम हे साधन येथे उपयोगी पडते. त्यातून तंबाखूतील अन्य घातक द्रव्यांवाचून थोडे निकोटिन मिळते आणि तलफ सौम्य होते. दोन मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीवाचून मिळतो. त्याहून अधिक मात्रेसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. तो खाण्याच्या गमसारखा सतत चावावयाचा नसतो. सावकाश चावावे, जिभेला चुरचुर जाणवली की गालात दाबून ठेवावे, चुरचुर थांबली की पुन्हा चावावे, असे सुमारे अर्धा तास करावे. (बार धरणाऱ्यांना ही रीत शिकवावी लागत नाही.) त्याआधी पंधरा मिनिटे कॉफी, शीतपेये वा लिंबू-सरबत घेऊ नये. साधारणतः तीन महिन्यांत तो कमी करीत बंद करावा. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन ही औषधे मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची आहेत. गर्भवती स्त्रियांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी गमदेखील डॉक्टरांना विचारूनच वापरावा.

राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ पासून सुरू आहे आणि त्याखाली जिल्हा पातळीवर समुपदेशनाची सोय करण्यात आली आहे. दूरध्वनीवरून विनामूल्य सल्ला देणारी राष्ट्रीय सेवा २०१६ साली सुरू झाली. तिचा क्रमांक १८००-११-२३५६ हा तंबाखूच्या वेष्टनावर छापणे २०१८ पासून बंधनकारक आहे. तो वेष्टनावर असतो, म्हणून ज्याला हवा त्याच्या हाती पोहोचतो. परंतु सुटी तंबाखू कागदात बांधून घेणाऱ्याच्या आणि मशेरी घरी भाजणारीच्या दृष्टीस तो कधीच पडत नाही. ग्रामपंचायतीच्या फलकावर व शाळेच्या भिंतीवर तो ठळक अक्षरांत लिहून ठेवणे हे फारसे खर्चाचे काम नाही.

कायदा आणि कार्यालय

२००३ च्या केंद्रीय कायद्यान्वये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई आहे, अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकता येत नाही आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तिची विक्री करता येत नाही. पंचायतीने हे अंतर एकदा फीत धरून मोजावे आणि टपरीचालकाशी बोलावे. दंड करण्यापूर्वी त्याला अन्य माल ठेवण्यास वेळ दिल्यास वाद टळतात. मात्र कायद्याने नव्या मुलाला तंबाखूपासून दूर ठेवता येते. वीस वर्षे बार भरणाऱ्याला तो सोडवीत नाही. ग्रामसभेत ‘तंबाखूमुक्त गाव’ असा ठराव करून घेणे सोपे असते. ठरावाबरोबरच ज्यांना सोडावयाची आहे अशा दहा-बारा जणांची नावे त्यांच्या संमतीने घेऊन, त्यांना आठवड्यातून एकदा एकत्र बसविण्याची जबाबदारी कोणावर, हेही त्याच कागदावर लिहिले जावे. पहिल्या महिन्यात चार बैठका, पुढे महिन्याला एक, एवढे सहा महिने चालले तरी पुरे.

शिक्षक आणि अधिकारी यांच्याविषयी स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. वर्गाच्या दाराशी पिंक टाकून आत आलेल्या गुरुजींनी आरोग्याचा पाठ घेतला तर मुले पाठ विसरतात आणि पिंक लक्षात ठेवतात. ज्या शिक्षकाला वा ग्रामसेवकाला स्वतःला सवय आहे, त्याने गावातील गटाचा चालक होण्याऐवजी प्रथम त्या गटात सभासद म्हणून बसावे. आपल्यासोबत साहेबही तलफेने अस्वस्थ आहेत, हे पाहून इतरांना धीर येतो.

गटातील प्रत्येकाची मुखतपासणी पहिल्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा दंतवैद्याकडे करून घ्यावी. घरच्या घरीही आरशासमोर, चांगल्या उजेडात पाहता येते. तोंड स्वच्छ धुऊन गालांच्या आतील बाजू, हिरड्या, जिभेच्या दोन्ही कडा व जिभेखालील भाग बोटाने ताणून पाहावेत. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, गिळताना होणारा त्रास, तिखट सहन न होणे अथवा उभी धरलेली तीन बोटे तोंडात न मावणे, यांपैकी काहीही दिसल्यास दुखण्याची वाट पाहू नये. सुरुवातीचे चट्टे बहुधा दुखत नाहीत.